नाशिक ते बंगळूर: गाडी मनमाडला बदलू, कल्याणला की पुण्याला? आईबाबा सोबत आहेत

सिडकोकर

नमस्कार मंडळी. बहिणीचं डोहाळजेवण आहे बंगळूरला, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको सांगितलंय म्हणून आपणच तिकडे जायचं ठरलं, मी आणि आईबाबा. बाबा 71 वर्षांचे, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चालतात तसे पण जिना म्हटला की मध्ये दोनदा थांबावं लागतं. आई 66. विमान दोघांनाही नको आहे, आणि आईचं म्हणणं की ओटीचं सामान, साडी, डबे सगळं ट्रेनने नीट नेता येतं.

नाशिकरोडहून बंगळूरला रोजची थेट गाडी मला काही सापडली नाही. एका ॲपवर टाकलं तर त्याने तीन रस्ते दाखवले.

पहिला, नाशिकरोडहून कल्याण, तिथे 50 मिनिटं, मग उद्यान एक्स्प्रेस. दुसरा बघून मी चक्रावलोच, नाशिकरोडहून भुसावळ आणि भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस. म्हणजे उलट्या दिशेला अडीचशे किलोमीटर जायचं आणि तीच गाडी आपल्याला घेऊन परत मनमाडवरूनच खाली जाणार! तिसरा, पुण्यापर्यंत बसने आणि पुण्याहून उद्यान.

मागच्या वर्षी आमची एक कनेक्टिंग गाडी हुकली होती आणि दुसऱ्या तिकिटाचे सगळे पैसे गेले, त्यामुळे बाबा आता "गाडी बदलायची" म्हटलं की नकोच म्हणतात. त्यांना विश्वास वाटेल असा प्लॅन पाहिजे. कोणी केलाय का हा प्रवास?

पंचवटीचा पासवाला

भाऊ, आधी कल्याणचं डोक्यातून काढून टाका. 50 मिनिटं कागदावर बरी दिसतात, पण पहाटे-सकाळी नाशिकहून कल्याणकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या उत्तरेकडून हजार-दीड हजार किलोमीटर तुडवत आलेल्या असतात. त्यातली एखादी इटारसीच्या अलीकडेच दोन तास मागे पडली तर तुमची 50 मिनिटं तुम्ही घरातून निघायच्या आधीच संपलेली असतात. वर कसारा घाट, आणि कल्याणजवळ लोकलची गर्दी, तिथे मेल गाडी बाहेर सिग्नलला उभी राहणं काही नवीन नाही. मी 14 वर्षं या लाइनवर अपडाऊन करतोय म्हणून सांगतो.

गाडी बदलायची असेल तर मी एकच गोष्ट बघतो. पहिली गाडी लेट झाली तर आपण बुडतो, दुसरी लेट झाली तर आपण फक्त बसून राहतो. म्हणून पहिला टप्पा छोटा ठेवायचा आणि जवळून सुटणाऱ्या गाडीचा ठेवायचा, लांबून येणारी गाडी दुसऱ्या टप्प्याला. ॲपवाले नेमकं उलटं जोडून देतात कारण त्यांना फक्त टाइमटेबलमधला गॅप दिसतो.

आता मनमाड बघा. नाशिकरोडहून मनमाड 73 किलोमीटर, तास-सव्वा तासाचा मामला. कर्नाटक एक्स्प्रेस दिल्लीहून येते, भुसावळ-जळगाव करत मनमाडला, तिथून कोपरगाव, नगर, दौंड, सोलापूर आणि पुढे बंगळूर. ती आपल्या नाशिकला येतच नाही, मनमाडलाच दक्षिणेकडे वळते. ती दोन तास लेट आली तरी तुमचं काही जात नाही, तुम्ही तिथे आधीच पोचलेले असता.

भुसावळचा रस्ता ॲपने का दाखवला ते पण सांगतो, त्यात थोडं तथ्य आहे. मनमाडपासून वेटिंग आणि भुसावळपासून जागा शिल्लक असं कधीकधी असतं, स्टेशनाप्रमाणे कोटा वेगळा असतो ना. पण त्यासाठी भुसावळला जायची अजिबात गरज नाही. तिकीट भुसावळपासूनचं काढायचं आणि बोर्डिंग स्टेशन मनमाड करायचं. भाडं थोडं जास्त लागतं, बर्थ मात्र कन्फर्म मिळते. फक्त बोर्डिंग बदलायला विसरलात आणि थेट मनमाडला चढलात तर तोवर टीसीने तुम्हाला गैरहजर धरून बर्थ आरएसीवाल्याला दिलेली असू शकते. आणि एकदा मनमाड केलं की मग भुसावळहून चढायचा हक्क राहत नाही.

देवळाली कॅम्प

पुण्याचा रस्ता तरुण माणसाने एकटं करावा. उद्यान दुपारच्या सुमाराला पुण्यात असते, नाशिकहून पहाटेची शिवाई बस धरली तरी चाकणला अडकलात की संपलं. आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम असेल तर मग झकास, नाहीतर नाही.

वैशाली, इंदिरानगर

तुमचं वाचून आमचा हरिद्वारचा प्रवास आठवला म्हणून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही चौघं, मी, मिस्टर, सासूबाई आणि माझी आई. येताना हरिद्वारहून एक गाडी दिल्लीपर्यंत आणि मग हजरत निजामुद्दीनहून पहाटेची नाशिकला येणारी गाडी. पहिली रात्री 11 ला पोचणार होती, म्हणजे मध्ये सहा तासांच्या वर वेळ. आम्हाला वाटलं भरपूर झाला.

धुक्यात गाडी अशी काही रखडली की काय सांगू. खिडकीतून बघितलं तर पांढरं, दुसरं काहीच नाही, अर्धा-अर्धा तास एका जागी. आईच्या मांडीवर गंगाजलाचा पाच लिटरचा कॅन होता, तो तिने रात्रभर खाली ठेवला नाही कारण झाकण गळत होतं, आणि दर स्टेशनला विचारायची, "आलं का गं निजामुद्दीन?" शेवटी दिल्लीत उतरलो तेव्हा आमच्या दुसऱ्या गाडीला दहा मिनिटं उरली होती, आणि आम्ही उतरलो त्या स्टेशनवर ती गाडी येतच नाही! दिल्लीत चार-पाच मोठी स्टेशनं आहेत, बुकिंग करताना आम्ही दोन्हीकडे नुसतं दिल्ली बघितलं. रिक्षात बसलो तेव्हाच कळलं की गेली.

चौघांचं थर्ड एसीचं तिकीट, एक रुपया परत मिळाला नाही, कारण आमची दोन तिकिटं वेगवेगळी होती, एकमेकांशी जोडलेलीच नव्हती. घरी आल्यावर मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की 1 एप्रिल 2019 पासून दोन पीएनआर लिंक करता येतात. दुसरं तिकीट काढताना कनेक्टिंग जर्नीचा पर्याय असतो, तिथे पहिल्याचा पीएनआर टाकायचा. मग पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी हुकली तर दुसऱ्या टप्प्याचे पैसे कॅन्सलेशन चार्ज न कापता परत मिळतात. पण अर्ज करायला वेळ फार थोडा असतो, पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून 3 तासांच्या आत. ऑनलाइन तिकीट असेल तर टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरायचा, खिडकीवरचं असेल तर त्याच जंक्शनच्या खिडकीवर जायचं.

हे मला त्या रात्री माहीत असतं तर निदान पैसे तरी वाचले असते, आईची रात्र नाही वाचली म्हणा. तुम्ही लिंक केल्याशिवाय तिकीट काढू नका, हात जोडून सांगते.

सिडकोकर

वैशालीताई, आमचंही मागच्या वर्षी हेच झालं, दोन सुटी तिकिटं. लिंक करतात हेच माहीत नव्हतं. पासवाले दादा, पहिली-दुसरी गाडीचं तुमचं म्हणणं बाबांना वाचून दाखवलं, पहिल्यांदाच त्यांनी मान हलवली.

आता मनमाड नक्की. पण दोन शंका आहेत. नाशिक ते मनमाड नुसतं जनरल तिकीट काढून जाऊ का? 73 किलोमीटरसाठी रिझर्व्हेशन कशाला असं वाटतं. आणि मनमाडला वेटिंगरूम, जिने वगैरे कसं आहे? की सरळ घरून गाडी करून रोडनेच जाऊ?

मनमाडकर

रोडने येणार असाल तर ओझर, पिंपळगाव, चांदवड आणि चांदवडहून आत मनमाड, सिडकोतून दोन-सव्वा दोन तास धरा. पण कांद्याच्या दिवसात पिंपळगाव आणि चांदवडच्या बाजारसमितीजवळ ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, फेब्रुवारी म्हणजे लाल कांदा जोरात असतो, तेव्हा तासभर जास्तीचा ठेवाच. लासलगावच्या बाजूने यायचा विचार करू नका, तिथे तर त्याहून जास्त.

स्टेशनवर लवकर आलात तर अवघडायचं कारण नाही. वेटिंगरूम आहे, आणि स्टेशनपासून जवळच गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे, तिथे लंगर असतो, कोणीही जाऊन जेवू शकतं, माझी आजी पंढरपूरहून येताना तिथेच हातपाय धुवून बसायची. बाबांना चालवणार नसेल तर सोडून द्या, रिक्षा मिळते. कर्नाटक मनमाडला मिनिटभरासाठी थांबणारी गाडी नाही पण डबा पुढे येतो की मागे ते आधी विचारून ठेवा, गुडघ्याच्या माणसाला सामान धरून आठ डबे चालायला लावू नका. कोच पोझिशन बोर्डावर लागते आणि हमालांना पाठ असते. तुम्ही आधी जाऊन बघून या, तोपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवा.

उजेड असेल तर गाडीतून हडबीची शेंडी दिसते, अंगठा वर केल्यासारखा सुळका आहे. बाबांना दाखवा, बरं वाटतं माणसाला.

खिडकी नंबर 3

मी रिझर्व्हेशनच्या खिडकीवर बरीच वर्षं काम केलं, आता रिटायर होऊन आठ वर्षं झाली. वरच्या सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय. थोडं राहिलं ते सांगतो, कारण या प्रश्नात तिघांचं वय आणि गुडघा आहे, आणि त्याने तिकीट बदलतं.

जनरल तिकीट काढू नका. जनरल तिकिटाला पीएनआर नसतो, मग लिंक कशाला करणार? सकाळच्या तपोवनचं सेकंड सीटिंगचं किंवा चेअरकारचं रिझर्व्हेशन काढा, मुंबईहून सकाळी सुटणारी गाडी आहे, लांबून थकत आलेली नाही. मनमाडला थोडं जास्त बसावं लागेल पण 73 किलोमीटरच्या थोड्याशा भाड्यात तुमच्या मोठ्या तिकिटाला आधार मिळतो. आणि ते कन्फर्म असल्याशिवाय दुसरं काढू नका. पहिलं वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि दुसरं कन्फर्म तसंच राहतं, मग ते तुम्ही रद्द केलं तर नेहमीसारखी कापाकापी होते. लिंकचा फायदा गाडी लेट झाली तर आहे, वेटिंग क्लिअर झालं नाही तर नाही. लोक यातच गल्लत करतात.

आता बर्थ. 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो. पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर. तुम्ही तिघांचं एकत्र तिकीट काढलंत की कोटा गेला, आणि मग बाबा मिडल बर्थवर. म्हणून आईबाबांचं एक तिकीट त्या कोट्यातून, तुमचं वेगळं, जमल्यास त्याच डब्यात. भाड्यात सवलत मात्र नाही, ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, कोटा आहे.

लिंकची एक अट आहे, दोन्ही पीएनआरवर नावं तीच पाहिजेत. म्हणजे तपोवनचं तिकीटसुद्धा दोन भागांत काढायचं, आईबाबांचं एक आणि तुमचं एक, आणि ज्याचं त्याच्याशी जोडायचं. तपोवनला तिघांचं एकत्र काढलंत आणि कर्नाटकला दोन वेगळी, तर जोडताना अडकाल. पहिल्याचं शेवटचं स्टेशन आणि दुसऱ्याचं चढायचं स्टेशन जुळलं पाहिजे. भुसावळपासून तिकीट काढून मनमाड बोर्डिंगची युक्ती चांगली आहे, पण लिंक करायचंय तर त्यात पडू नका, मनमाडपासूनचंच काढा.

तारखेचं सांगतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 होते. पण हे 60 दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. कर्नाटक दिल्लीहून आदल्या दिवशी सुटते आणि दुसऱ्या दिवशी मनमाडला येते. तुम्ही मनमाडच्या तारखेपासून 60 मोजून सकाळी 8 ला बसलात तर एक दिवस उशीर झालेला असतो. खिडकीवर असताना हे मी माणसांना रोज समजावायचो, हिरमुसून जायची बिचारी.

आणि खिडकीवरून काढायचं असेल तर फॉर्मवर पुढच्या प्रवासाचा रकाना असतो, तो भरा. नाशिकरोड ते बंगळूर व्हाया मनमाड असं सलग तिकीट मिळतं आणि दोन गाड्यांचं रिझर्व्हेशन त्यावर येतं. अंतर वाढत जाईल तसा किलोमीटरचा दर उतरत जातो, म्हणून दोन तुकड्यांपेक्षा सलग स्वस्त पडतं. जंक्शनला गाडी बदलायला थांबलात तर तो प्रवासातला खंड धरत नाहीत, चोवीस तासांच्या वर राहिलात तरच.

पंचवटीचा पासवाला

काका, 60 दिवस सुरुवातीच्या स्टेशनपासून मोजतात हे मला 14 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं!

सिडकोकर, येतानाचं पण आत्ताच ठरवून ठेवा. परतीला लांबची गाडी पहिली येते आणि छोटी दुसरी, म्हणजे सगळं उलटं होतं. तेव्हा मनमाडहून पुढची गाडी घट्ट बांधू नका, मनमाड ते नाशिक दिवसभर इतक्या गाड्या आहेत की जी मिळेल ती धरा, नाहीतर घरची गाडी बोलवा.

वैशाली, इंदिरानगर

दौंडचं कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहिते. दौंडला बदलायचा पर्याय ॲपने दाखवला तर दोनदा बघा. दौंड आणि दौंड कॉर्ड लाइन ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडला इंजिन फिरवावं लागायचं म्हणून बाहेरून कॉर्ड लाइन केली, आता त्यातल्या काही तिथेच थांबतात. दिल्लीला आम्ही जे भोगलं तेच तिथे व्हायचं.

आणि तारखेचं अजून एक, मध्यरात्रीनंतरच्या गाडीची तारीख पुढच्या दिवसाची असते. आमच्या सोसायटीतले एक आजोबा रात्री साडेबाराची गाडी धरायला चोवीस तास उशिरा नाशिकरोडला गेले होते. 22 ची रात्र म्हणून त्यांनी 22 लाच जेवून निघायचं ठरवलं, गाडी 22 च्या पहाटेचीच होती.

देवळाली कॅम्प

बहीण बंगळूरला कुठे राहते? व्हाइटफील्ड बाजूला असेल तर मॅजेस्टिकहून, म्हणजे मुख्य स्टेशनाजवळून, मेट्रो थेट जाते, पण आईबाबा आणि सामान असेल तर टॅक्सी करा. आणि तिकिटावर नीट बघा, बंगळूरलाही तीन-चार स्टेशनं आहेत.

सिडकोकर

काढली तिकिटं! काल सकाळी पावणेआठला लॅपटॉप उघडून बसलो. दिल्लीच्या तारखेपासून 60 मोजले तर कर्नाटक आदल्या दिवशीच उघडली होती, पण लिंकसाठी तपोवनचं तिकीट आधी पाहिजे, आणि तपोवन मुंबईहून त्याच दिवशी सुटते म्हणून ती काल उघडली. कर्नाटक थर्ड एसी, आईबाबांचं लोअर बर्थ कोट्यातून, दोघांना लोअर मिळाली, एकाच कंपार्टमेंटमध्ये समोरासमोर. माझी त्याच डब्यात साइड अपर, ती चालेल मला. तपोवनची दोन तिकिटं त्याच्या आधी काढली, दोन्ही कन्फर्म, आणि दोन्ही जोड्या लिंक झाल्या. आईबाबांची जोडताना पहिल्यांदा एरर आली कारण एकीकडे आईच्या नावात मधलं नाव होतं आणि दुसरीकडे नव्हतं, ते तपोवनचं तिकीट रद्द करून परत काढलं, थोडे पैसे गेले पण ठीक आहे. कोणी काढणार असेल तर नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर एकसारखं टाका.

खिडकी नंबर 3 काका, बाबांनी तुमचं पूर्ण वाचलं, चष्मा लावून, दोनदा. मग स्वतःच्या वहीत दोन्ही पीएनआर लिहून घेतले आणि खाली "पोचल्यापासून 3 तास" असं लिहून त्याला चौकट काढली. मनमाडकर, आम्ही तपोवनने साडेदहाच्या पुढेमागे तुमच्याकडे उतरू. आईने आत्ताच विचारलंय की गुरुद्वाऱ्यात जाताना डोक्यावर पदर चालतो का रुमाल लागतो?

मनमाडकर

पदर चालतो. बाबांसाठी रुमाल तिथे दाराशी ठेवलेले असतात.